एक जूनची अकरा लेकरं

गयाआत्या, कच्ची वीट उलथायला लहान लेकरूच का लागतं हे तुला सांगायची गरज नाही. पण हे दुसरे लोक पण वाचतील, म्हणून सांगते. थापलेली वीट दोन दिवस एका अंगावर वाळली की तिला दुसऱ्या अंगावर करावी लागते. त्या रांगांमधून मोठं माणूस चाललं तर विटा मोडतात. सात-आठ वर्षांचं लेकरू चाललं तर मोडत नाहीत. तेवढं हलकं असणं हीच आमची लायकी होती. दिवाळी झाली की आई-बाबा मला घेऊन भट्टीवर जायचे ते उन्हाळा सरताना परत. तोवर पावसाळ्याची मिरची तयार. मिरची तोडून आली की आई दोन्ही हात ताकाच्या गंजात बुडवून बसायची. माझी वेणी ती घालत नसे, कारण तिच्या बोटांची आग माझ्या डोळ्यांपर्यंत यायची. म्हणून मी सहाव्या वर्षापासून माझी वेणी मीच घालते, आणि अजून वाकडीच घालते. शाळेत माझं नाव होतं. मी नव्हते.

तू भट्टीवर आलीस तो दिवस मला आठवतो. टेंभुर्णीहून कुणाच्या तरी टेम्पोत बसून आल्तीस. भाकरी-ठेचा सोडलास, आम्हाला वाढलास आणि मला विटांवर चालताना बघत बसलीस. मग बाबांना म्हणालीस, "दत्त्या, पोरीचं वजन किती?"

बाबा म्हणाले, "मला काय माहीत? हलकी हाये."

"हलकी हाये तवर इटा उलथंल. दोन वर्सांनी जड झाली की मंग? इटाबी गेल्या आन शाळाबी गेली. तव्हा काय करशील?"

बाबा पुन्हा विटा थापायला बसले. तू विचारायचीस ते आधी कुणी विचारलेलंच नसायचं.

तू कुणाची सख्खी आत्या नव्हतीस. गावाची लेक, नवरा वारल्यावर माहेरी परत आलेली, म्हणून सगळ्या वस्तीची आत्या. तुझ्याहून वयानं मोठ्या माणसांची लेकरं पण तुला आत्याच म्हणायची आणि ती माणसं सुद्धा कधीकधी चुकून म्हणायची. एकदा पाच वर्षं तू ग्रामपंचायतीत मेंबर होतीस. सही शिकायला तुला तीन महिने लागले, आणि शिकल्यावर तू ती इतकी मोठी करायचीस की बाकीच्या मेंबरांना जागा उरत नव्हती.

दूरच्या जिल्ह्यात एक वसतिगृह आहे, पाचवीपासून लेकरं फुकट ठेवून घेतात, शाळा शेजारीच, ही बातमी साळवे गुरुजींनी आणली. पण घरोघरी फिरून अकरा लेकरांच्या आई-बापांना तयार केलंस तू. माझी आई सगळ्यात शेवटी तयार झाली. जूनमध्ये, शाळा उघडायच्या वेळी, गुरुजी आम्हाला घेऊन निघाले. जीपनं राजूर, एसटीनं जालना, तिथून रेल्वे. रेल्वेत आम्ही अकराही जण पहिल्यांदा बसलो होतो. मी अकरा वर्षांची होते. म्हणजे कागदावर.

आता गुरुजींच्या कागदाबद्दल सांगायलाच पाहिजे, कारण सगळी गोष्ट त्यातून घडली. आपल्या वस्तीत जन्माचा कागद कुणाच्याच घरी नसायचा. शाळेत नाव घालायचं तर तारीख लागते. शाळा जूनमध्ये उघडते. म्हणून गुरुजी लेकराच्या उंचीवरून साल धरायचे आणि पुढं एक जून लिहायचे, म्हणजे वयाचा मेळ बराबर बसायचा. त्यांच्याही गुरुजींनी तसंच केलं होतं. त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. महाराष्ट्रात निम्मी माणसं एक जूनची असतील, असं मला आता वाटतं.

वसतिगृहात नाव घालताना तारीख विचारतील, म्हणून गुरुजींनी आमच्याकडून ती गाडीत पाठ करून घेतली. अकरा लेकरं एका सुरात ओरडत होती, "माझी जन्मतारीख एक जून!" गुरुजी हातानं ताल धरत होते. समोरच्या बाकावर एक बाई बसली होती. तिनं मला बिस्कीट दिलं आणि हळूच विचारलं, "बाळ, हे तुझे कोण?"

"गुरुजी."

"कुठं चाललात तुम्ही?"

आम्हाला गावाचं नाव कुणी सांगितलंच नव्हतं. मी म्हणाले, "माहीत न्हाई. पुढं."

त्या बाईचा चेहरा अजून माझ्या डोळ्यांपुढं आहे. ती उठून गेली आणि पुढच्या मोठ्या स्टेशनावर पोलीस डब्यात चढले.

चौकीत एका साहेबांनी आम्हाला ओळीनं उभं केलं आणि एकेकाची जन्मतारीख विचारली. एक जून. एक जून. एक जून. चौथ्या-पाचव्याला त्यांचं पेन थांबलं. आमच्यातली वैशाली सगळ्यात लहान आणि सगळ्यात चुरचुरीत. तिला वाटलं साहेबांना समजून घ्यायला जड जाऊन राह्यलंय. ती म्हणाली, "साहेब, आमच्या गावात समदे त्याच दिवशी होतेत."

साहेबांनी गुरुजींकडं बघितलं. "आणि तुमची?"

गुरुजींनी मान खाली घातली. "माझी पण तीच आहे."

झालं. अकरा लेकरं, एक तारीख, सगळ्या दाखल्यांवर एकच अक्षर आणि सोबत एक म्हातारा, जो कुणाचाच बाप नाही. आम्हाला बालगृहात नेलं आणि गुरुजींना चौकीत बसवून ठेवलं. आमच्यावर कुणी हात उचलला नाही, आवाज पण चढवला नाही. तिथल्या मावशीनं आमच्या वेण्या घातल्या. माझी सरळ वेणी आयुष्यात पहिल्यांदा तेव्हा झाली. पण आम्हाला भलतीकडंच नेलं होतं आणि आई-बाबांना ते माहीत नव्हतं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

पुढचं मी पाहिलं नाही, पण आईनं ते इतक्या वेळा सांगितलंय की मीच तिथं होते असं वाटतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजींचा फोन टेंभुर्णीच्या मेडिकलवर आला. मेडिकलवाल्यानं दूधवाल्याजवळ निरोप दिला. निरोप निघाला तेव्हा 'पोरं पोलिसांनी उतरवून घेतली' असा होता. वस्तीत पोचला तेव्हा 'पोरं पळवली, गुरुजीनं विकली' असा झाल्ता. आईनं हातातलं सूप तिथंच टाकलं. बाबांनी काठी घेतली आणि तडक गुरुजींच्या घराकडं निघाले. त्यांच्या मागं आणखी पाच-सहा जण. घरात गुरुजींची बायको एकटी, आतून कडी लावून.

तू दारात उभी राहिलीस. कडी वाजवून म्हणालीस, "शांते, मी हाये. चप्पल घाल आन चल." तिचा हात धरून तू तिला त्या सगळ्या माणसांच्या मधून विहाराच्या ओट्यावर आणलंस आणि आपल्या शेजारी बसवलंस. मग म्हणालीस, "हिचा नवराबी तिथंच हाये. हिचं कोन्ही गेलं न्हाई का? बसा समदे."

बसले. काठी घेऊन बसणं जमत नाही, म्हणून बाबांनी काठी खाली ठेवली.

अकरा आया ओट्यासमोर रडून राह्यल्या होत्या. एकजण म्हणत होती, पोरांच्या किडन्या काढतेत. एकजण म्हणत होती, दूरदेशी नेतेत. तेव्हा तू ते वाक्य बोललीस, ज्यावरून आपण पुढं पंधरा वर्षं भांडलो.

"म्या आत्ताच फोनवर बोलले. पोरं बरी हायेत. बटाट्याची भाजी आन पोळी खाऊन राह्यलेत."

सगळ्यांचं रडणं एकदम थांबलं. पळवून नेणारा माणूस बटाट्याची भाजी करत नाही, असं काहीतरी त्यांच्या मनात आलं असणार. पण माझी आई माझी आई आहे. तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, "माझी करुणा बटाटा खात न्हाई."

आई सांगते, तू पापणी पण हलवली नाहीस.

"म्हनूनच तर रडून राह्यली ती. बाकी समदे जेवले."

आणि आई रडता रडता हसली. तिच्या बाजूची हसली. मग ओटाभर हसू आलं, नाकं पुसत पुसत. बाबा सुद्धा म्हणाले, "लई नखरे हायेत तिचे."

मग तू त्यांना जे सांगितलंस ते मला सगळ्यात मोठं वाटतं. म्हणालीस, "कोन्या म्हाताऱ्यासंगं अकरा लेकरं चाललेत तर इचारायलाच पाह्यजे. बरं केलं त्यायनं. इतकी वर्सं आपले लेकरं भट्टीवर इटा उलथून राह्यलेत, तिथं आला का कोन्ही इचारायला? ज्यानं इचारलं तो चोर न्हाई. चला, आपुन जाऊन सांगू आपले हायेत म्हनून."

दुपारच्या गाडीनं तू निघालीस. अकरा आया, शांताकाकू आणि माझे बाबा. बाबांना का नेलंस, असं मी मागं विचारलं होतं. तू म्हणालीस, "जो लई ओरडतो त्याला संगं घ्यावं. मागं ठेवला तर गाव पेटवतो." बाबा शेजारीच बसले होते. त्यांनी ती तारीफ समजून मान डोलावली.

लेकरं कुणाच्या ताब्यात द्यायची ते ठरवणाऱ्या बालकल्याण समितीच्या कचेरीत मॅडम होत्या. सडसडीत, चष्मा लावलेल्या, आवाज हळू. त्यांनी तुम्हाला बसायला सांगितलं आणि समजावून सांगितलं, की दाखले संशयास्पद आहेत, तारखा एकच आहेत, तुमच्या भागातल्या पोलिसांचा कागद आल्याशिवाय मुलं देता येणार नाहीत. आयांनी पुन्हा रडायला सुरुवात केली. तू पदर खोचलास.

"मॅडम, कागद येईल तव्हा येईल. तवर एक करा. लेकरं आत ठेवा, मायांला भाईर. तारीख इचारू नका. जन्म कसा झाला ते इचारा. आधी लेकराला, मंग मायला. जुळलं न्हाई तर मला कोंडून ठेवा."

आपल्याकडं तारीख नव्हती, पण जन्माची गोष्ट प्रत्येकाकडं होती. चुलीपुढं बसून आईनं हजार वेळा सांगितलेली, रागावली की सांगितलेली, लाडात आली की सांगितलेली. तारीख आम्हाला पाठ करावी लागली. गोष्ट पाठच होती.

पहिली मला आत बोलावली. मी मॅडमना सांगितलं, की पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी करीला, मिरचीच्या रानात, आईच्या पोटात कळा आल्या. बाबांच्या हाताला आदल्या दिवशीचा बैलांच्या शिंगांचा लाल रंग होता. त्यांनी मला उचललं तर तो माझ्या कपाळाला लागला. आईला वाटलं रक्त, ती ओरडली, आणि बाबा घाबरून मला परत तिच्या पोटावर ठेवून पळाले.

बाहेर जाऊन मॅडमनी आईला विचारलं. आईनं तेच सांगितलं. फक्त बाबा कुठवर पळाले हे जास्तीचं सांगितलं. विहिरीपर्यंत. बाबा म्हणाले, "पानी आनायला गेल्तो." तू म्हणालीस, "घागर न घेता?"

वैशालीचा जन्म टेंभुर्णी-जाफराबाद जीपमध्ये. जीपवाल्यानं बाकीची सगळी माणसं रस्त्यात उतरवली आणि एका म्हातारीला तेवढी ठेवली, तिला माहिती असेल म्हणून. म्हातारीला काहीच माहिती नव्हती, ती आजारी म्हणून दवाखान्यात चालली होती. एकाचा जन्म भर पावसात पूर ओसरायची वाट बघत नदीच्या अल्याड. एकीच्या जन्माला घरात माणूसच नव्हतं, शेळी तेवढी होती, म्हणून तिला अजून आम्ही शेळीची लेक म्हणतो. आणि राहुल तर भीमजयंतीच्या दिवशी जन्मला. मिरवणूक चालू होती, त्याचा बाप हलगी वाजवत पुढं होता. निरोप त्याच्यापर्यंत संध्याकाळी पोचला.

तेव्हा तू कोपऱ्यात बसलेल्या गुरुजींकडं वळलीस. त्यांना पण तिथं आणलं होतं. "अहो गुरुजी, याची तर तारीख साऱ्या जगाला माहीत हाये! याला कामून एक जून केलं?"

गुरुजींच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाले, "बाई, हाताला सवय पडली."

सगळ्यांना चहा आणलेला शिपाई दारात ट्रे धरून उभा होता. तो म्हणाला, "मॅडम, माझी पण एक जूनच आहे." मॅडमनी चष्मा काढला, डोळे पुसले आणि हसल्या. कागद आल्याशिवाय त्यांनाही काही करता येत नव्हतं. पण त्यांनी तिथंच फोन उचलला आणि कागद लवकर पाठवा म्हणून स्वतः बोलल्या. त्या दिवशी आम्हाला आयांसोबत बसून जेवू दिलं. तिसऱ्या दिवशी कागद आला. त्याच संध्याकाळी आम्ही अकरा जण, गुरुजी आणि तुम्ही सगळे परतीच्या गाडीत होतो. या वेळी कुणी काही पाठ केलं नाही.

इथवरची गोष्ट वस्तीत सगळ्यांना येते. तू गेल्यावर, पुण्यानुमोदनाच्या दिवशी भंतेजींच्या प्रवचनानंतर राहुलनं तीच सांगितली, हलगीसकट. पण माझ्या लेखी तुझं खरं काम त्यानंतर होतं, आणि ते कुणी सांगत नाही.

लेकरं परत मिळाली. आता कुणीच ती पाठवायला तयार नव्हतं. बाबा म्हणाले, "बस झालं. भट्टीवर तर भट्टीवर, डोळ्यापुढं राहील." आईनं माझी पिशवी उलटी करून कपडे दोरीवर टाकले. अकरा घरांत तेच. मी आनंदात होते, आत्या. खोटं कशाला बोलू? मला तिथं जायचंच नव्हतं. मला आईजवळ राहायचं होतं, आणि विटांवर चालायला मला येत होतं.

तू आमच्या घरी आलीस. दोरीवरचे माझे कपडे बघितलेस. मला वाटलं आता मोठं भाषण देशील. तू बाबांना म्हणालीस, "डोळ्यापुढं ठेवून काय केलं आजवर?" एवढंच. बाबा चिडले. म्हणाले, "तुला लेकरू न्हाई गयाबाई, तुला काय कळतं?"

ते वाक्य बाबा पुढं कधी विसरले नाहीत. तू गेलीस त्या दिवशी सगळ्यात आधी त्यांना तेच आठवलं. म्हणाले, "म्या बोललो तिला, आन माफी मागितलीच न्हाई." मी ती इथं मागते.

तू मात्र त्या दिवशी रागावली नाहीस. म्हणालीस, "न्हाई कळत. म्हनून मी जाते. आधी मी राहून येते तिथं. खाऊन येते. जिथं लेकरू ठेवायचं तिथं आधी आपुन चार दिस जेवून पाहावं."

आणि खरंच गेलीस. एकटी. आयुष्यात रेल्वेत दुसऱ्यांदा बसत होतीस. आठ दिवस त्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात तू पोळ्या लाटल्यास, पोरींच्या खोलीत खाली अंथरून झोपलीस, संडासाच्या दाराला कडी नव्हती ती बसवून घेतलीस. परत येऊन ओट्यावर बसून सगळं सांगितलंस. डाळ पातळ हाये. पानी गोड हाये. बाई कडक हाये पन मारत न्हाई. कडी बसवली. तू चांगलं तेवढंच सांगितलं असतंस तर कुणी विश्वास ठेवला नसता. डाळ पातळ आहे म्हणालीस, म्हणून आईनं माझे कपडे दोरीवरून काढून पिशवीत भरले.

जुलैच्या सुरुवातीला आम्ही पुन्हा निघालो. अकराच्या अकरा.

आता आपलं भांडण. मी बारावीत असताना आईकडून मला बटाट्याची गोष्ट पूर्ण कळली. तू फोनवर बोलली नव्हतीस. मेडिकलवर गेलीच नव्हतीस. तुला काहीच माहीत नव्हतं. आणि बालगृहात त्या दिवशी खिचडी होती! मी तणतणत तुझ्या घरी आले. तू अंगणात मिरच्यांची देठं खुडत होतीस.

"आत्या, तू खोटं बोललीस."

"कव्हा?"

"बटाट्याची भाजी."

"आज न्हाई तर उद्या असंलच की बटाटा. सरकारी जेवन हाये."

"पण तुला माहीत नव्हतं! आम्ही कुठं आहोत, जिवंत आहोत का ते पण माहीत नव्हतं. माहीत नाही म्हणायचं ना मग."

"अकरा मायांच्या तोंडावर? तू म्हनून दाखव."

मी कॉलेजात गेले, बी.ए. झाले, वस्तीतली पहिली पोरगी. त्या वर्षी मी तुला नागरिकांचा माहिती मिळण्याचा हक्क वगैरे समजावून सांगितला. तू शेवटपर्यंत ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "बरं. आता बटाटा सोल." डिग्रीचा कागद दाखवायला आणला तेव्हा तू तो पदरानं पुसलास, तो स्वच्छ असूनही. मग तोंड बारीक करून विचारलंस, "यांच्याकडं तारीख कोनती हाये तुझी?" मी म्हणाले, "एक जून." आपण दोघी इतक्या हसलो की शेजारची म्हैस उठून उभी राहिली.

तसं तर दर एक जूनला हसणं व्हायचंच. आम्ही अकरा जण जिथं असू तिथून तुझ्या घरी यायचो. वैशाली नर्स झाली, राहुल एसटीत लागला, शेळीची लेक टेंभुर्णीत शिवणकाम करते, दोघं शेतीच करतात आणि बरी करतात. अकरा जणांचा एक वाढदिवस. तू दर वर्षी बटाट्याचीच भाजी करायचीस आणि पहिला घास मला भरवायचीस. मी तोंड वाकडं करायचे. दर वर्षी तू म्हणायचीस, "बघा, अजून रडून राह्यली."

तुला सांगायचं राहिलं ते आता सांगते. मागच्या पावसाळ्यात माझ्यावर तुझी वेळ आली होती. मी आता भोकरदनला पोरींच्या वसतिगृहात गृहपाल आहे, हे तुला माहीतच आहे, तू तिथली डाळ खाऊन पण गेलीस. मला रोज फोन येतात, "मॅडम, पोरगी जेवली का?" मी आधी जाऊन तिचं ताट बघते, मग सांगते. तुझ्याशी भांडण होतं ना, म्हणून. त्या दिवशी मात्र सहलीची गाडी वेळेत आली नाही. बावीस पोरी. नदीला पाणी, कुणाचा फोन लागत नाही. दुपारपासून आई-बाप गेटवर जमले. एकजण माझा हात धरून म्हणाली, "मॅडम, खरं सांगा, बऱ्या हायेत ना?"

तुझं वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. म्याच बोलले, बऱ्या हायेत, जेवून राह्यल्यात. इतकं सोपं होतं ते! मला कळलं तू ते का बोललीस. मी म्हणाले, "मला माहीत नाही. पण पोरी येईपर्यंत मी इथून उठणार नाही." आणि गेटवर खाली, मातीत बसले. ती बाई बसली. मग सगळे बसले. मी एकेकीला विचारलं, तुमची पोरगी कधी झाली, कशी झाली. दोन तास जन्माच्या गोष्टी चालल्या. आम्ही हसलो सुद्धा. मग वळणावर गाडीचे लाइट दिसले.

हे तुला दिवाळीत सांगायचं होतं, जिंकले म्हणून. माहीत नाही म्हटलं तरी चालतं, हे दाखवायला. पण दिवाळीत तू मला फराळ भरवण्यात वेळ घालवलास. आणि आता लिहिता लिहिता मला वाटतंय, तू ऐकून एवढंच म्हणाली असतीस, "बसली ना संगं? मंग झालं." म्हणजे भांडण तूच जिंकली असतीस.

आणि एक गोष्ट तुझ्या खोटेपणातली खरी होती. खिचडी असो की भाजी, मी त्या दिवशी जेवले नव्हते. मी रडतच होते. आईला तू सांगितलंस ते बराबर होतं.

तू थंडीत, उन्हाला पाठ देऊन बसलेली गेलीस. सुपात निम्म्या मिरच्या खुडलेल्या. मृत्यूची नोंद करायला ग्रामपंचायतीत मी गेले. त्यांनी तुझी जन्मतारीख मागितली. तुझ्या आधार कार्डावर एक जानेवारी आहे, तारीख माहीत नसली की तिथं लावतात ती. मला तिथं खुर्चीत बसून हसू फुटलं. एक जून मिळायला निदान शाळेचं तोंड बघावं लागतं, तुला तेवढं पण मिळालं नाही! मग हसू थांबलं. आमच्या सगळ्यांच्या जन्माच्या गोष्टी तुला तोंडपाठ होत्या. अर्ध्यांची नाळ तूच कापली होतीस. तुझ्या जन्माची गोष्ट आम्ही अकरांतल्या एकानंही कधी विचारली नाही. मी घरी येऊन आईला विचारली. आई म्हणाली, "तिला सांगनारे समदे तिच्या लहानपनीच गेले. तिलाच माहीत नव्हती."

पुण्यानुमोदनाच्या जेवणात बटाट्याची भाजी होती. आईनं मला विचारलं पण नाही, सरळ ताटात वाढली. मी खाल्ली, आत्या. दोनदा घेतली. चांगली असते.

समितीच्या कचेरीतून परत आल्यावर तू एक फेरी सुरू केली होतीस. वस्तीत कुणाकडं पाळणा हलला की पाचव्या दिवसाच्या आत तू त्या घरी जायचीस, बापाला धरून ग्रामपंचायतीत न्यायचीस आणि नोंद होईपर्यंत त्याच्या मागं उभी राहायचीस. ती फेरी तू या थंडीपर्यंत चुकवली नाहीस. परवा मी गुरुजींच्या शाळेत जाऊन लेकरांची नावं-तारखा लिहिलेलं दाखल-खारीज रजिस्टर बघून आले. गुरुजी आता नाहीत, रजिस्टर आहे. पान उलटत गेले. चौदा ऑगस्ट. तीन मार्च. एकोणतीस फेब्रुवारी सुद्धा एक आहे.

अकरा लेकरं गेली होती, अकरा परत आली, अकराही पुन्हा शाळेत गेली आणि दहावी पास झाली. त्या सालानंतर आपल्या वस्तीत जन्मलेल्या एकाही लेकराची जन्मतारीख एक जून नाही.